एकसारख्या दिसणाऱ्या दोन ओळी आणि रोजचा कॉन्फ्लिक्ट

फाइलींतला प्रत्येक बदल नोंदून ठेवणारं गिट हे साधन मी वापरते. सकाळी लॅपटॉपवर ‘गिट पुल’ केलं, म्हणजे दुसरीकडचे बदल ओढून घेतले, की कॉन्फ्लिक्ट: एकाच जागी दोन वेगळे बदल, कोणता ठेवायचा ते तूच सांग. फाइल नेहमी तीच, ‘यादी.एमडी’. जागाही तीच, वरच्या दोन ओळी. त्यातल्या एका ओळीत तारीख असते, ती दोन्हीकडे वेगळी असणार हे समजत होतं. पण तिच्या वरची शीर्षकाची ओळ, ‘सांगणाऱ्या बायका’, कॉन्फ्लिक्टच्या खुणेच्या वरही तीच आणि खालीही तीच. काना, मात्रा, वेलांटी, कशातच फरक नाही. एक ठेवायची, दुसरी काढायची, कमिट करायचं, म्हणजे बदल गिटच्या इतिहासात नोंदायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माझ्याकडे हे जवळजवळ दोन महिने चाललं.

इतर फाइलींतही असंच काहीतरी होत होतं. कॉन्फ्लिक्ट नसे, पण काय बदललं ते दाखवणारं ‘गिट डिफ’ एक ओळ लाल, म्हणजे काढलेली, दाखवायचं आणि तिच्याखाली तीच ओळ हिरवी, म्हणजे नवी. कधी अख्खी फाइल लाल आणि अख्खी फाइल हिरवी. मी तर शेवटी फक्त एक शब्द बदललेला असायचा.

हे इतकं मनाला लावून घ्यायचं कारण सांगते. माण तालुक्यातल्या माझ्या आत्याकडून आणि तिच्या बरोबरीच्या बायकांकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या मी काही वर्षं उतरवून घेते आहे. एका ओवीची एक फाइल, साध्या मजकुराची, मार्कडाउनमधली. ओवीची पहिली ओळ हेच फाइलचं नाव असायचं. खाली कोणी सांगितली, कधी सांगितली, कोणत्या शब्दाचा तिथे काय अर्थ. या नोंदी तीन ठिकाणी असतात: माझा विंडोज लॅपटॉप, माझा अँड्रॉइड फोन, ज्यात टर्मक्स हे लिनक्सच्या आज्ञा चालवणारं ॲप टाकलं आहे, आणि बहिणीचा मॅक. मध्ये गिटहब या संकेतस्थळावर एक खासगी रिपॉझिटरी, म्हणजे या फाइली आणि त्यांचा इतिहास यांचं कोठार. सांगणाऱ्यांपैकी दोघी आता नाहीत. त्यांच्या ओव्या या फाइली सोडून माझ्या माहितीत दुसरीकडे कुठेही लिहिलेल्या नाहीत. त्यामुळे ‘दोन्हीकडे सारखंच आहे, कुठलीही एक ओळ ठेव’ असं डोळे मिटून करणं मला जमेना.

या लेखात आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या नेहमीच्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या.

सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट निघाली आणि ती आधी सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. गिट अक्षरं बघत नाही, बाइट बघतं. आपल्याला पडद्यावर जे सारखं दिसतं ते बाइटच्या पातळीवर वेगळं असू शकतं, आणि मराठीत ते इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त वेळा तसं असतं. गिट २००५ साली लिनक्स कर्नलच्या कामासाठी लिहिलं गेलं. त्या कामात फाइलींची नावं आणि मजकूर बहुतेक रोमनच. आपण त्यात ओव्या ठेवतो तेव्हा काही गोष्टी आपल्यालाच सांभाळाव्या लागतात.

आधी ओळीचा शेवट तपासा

अख्खी फाइल बदललेली दिसते तेव्हा जवळजवळ नेहमी कारण एकच. विंडोजचे जुने संपादक ओळ संपली की दोन बाइट लिहितात, लिनक्स, अँड्रॉइड आणि मॅक एकच, एलएफ नावाचा. म्हणजे लॅपटॉपवर फाइल नुसती सेव्ह झाली तरी प्रत्येक ओळ बदलली असं गिटच्या दृष्टीने होतं. खात्री करायला ही आज्ञा:

गिट डिफ --इग्नोर-सीआर-ॲट-ईओएल

यात लाल-हिरवं सगळं नाहीसं झालं तर दोष ओळीच्या शेवटाचा. उपाय म्हणून रिपॉझिटरीच्या मुळाशी ‘.गिटॲट्रिब्यूट्स’ नावाची फाइल करायची आणि तिच्यात एवढीच ओळ लिहायची:

* टेक्स्ट=ऑटो ईओएल=एलएफ

मग ‘गिट ॲड --रीनॉर्मलाइझ .’ आणि एक कमिट. ती कमिट मोठी दिसेल, घाबरायचं नाही. एवढंच बघायचं की त्या वेळी दुसऱ्या कोणत्याही उपकरणावर पुश न केलेलं, म्हणजे गिटहबवर न पाठवलेलं, काही शिल्लक नाही, नाहीतर त्या एका कमिटमुळेच सगळ्या फाइलींत कॉन्फ्लिक्ट येतील. ‘कोअर.ऑटोसीआरएलएफ’ ही गिटची मांडणी (सेटिंग) बदला असा सल्ला बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतो. तो मला पटत नाही, कारण ती मांडणी त्या त्या यंत्रापुरती असते. ‘.गिटॲट्रिब्यूट्स’ रिपॉझिटरीबरोबर सगळीकडे जाते.

जुन्या नोटपॅडची आणखी एक सवय: फाइलच्या अगदी सुरुवातीला बीओएम नावाचे तीन अदृश्य बाइट. विंडोज १०च्या १९०३ या आवृत्तीपासून नोटपॅड ते आपणहून घालत नाही. पण त्याआधीच्या फाइली असतील तर पहिली ओळ उगाच बदललेली दिसण्याचं हे कारण असू शकतं.

हे सगळं केल्यावर माझ्या फाइली शांत झाल्या. ‘सांगणाऱ्या बायका’ मात्र तशाच भांडत राहिल्या.

एक ‘ऱ्या’, तीन लेखनं

‘सांगणाऱ्या’मधला तो आडवा र. ‘वाऱ्यावर’, ‘दुसऱ्या’, ‘कुऱ्हाड’, ‘तऱ्हा’ यांतलाही. मराठीत तो पावलोपावली येतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या, इतका फरक त्याने पडतो. संगणकात मात्र तो लिहायच्या एकाहून जास्त रीती आहेत.

पहिली रीत: युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ‘ऱ’ असं स्वतंत्र अक्षर आहे, क्रमांक ०९३१. त्याला हलन्त जोडला की आडवा र मिळतो. दुसरी रीत: साधा र, मग हलन्त, मग ‘झीरो विड्थ जॉइनर’ नावाचा एक अदृश्य जोडक, क्रमांक २००डी. पडद्यावर दिसणारं रूप तेच. तिसरी रीत: साधा र आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब, मग हलन्त. यातली पहिली आणि तिसरी युनिकोडच्या नियमाने समान आहेत. एकीचं विघटन केलं की दुसरी मिळते. दुसरी मात्र नियमानेही वेगळी. डोळ्यांना तिन्ही एक.

माझ्या लॅपटॉपवर मी इनस्क्रिप्ट कीबोर्ड वापरते. तिथे शिफ्ट धरून रोमन ‘जे’ची कळ दाबली की ०९३१ येतं. फोनवरचा कीबोर्ड जोडकवालं रूप देत होता. आता ‘यादी.एमडी’ ही फाइल मी हाताने लिहीत नव्हते. सगळ्या ओव्यांची नावं गोळा करून ती तयार करणारी एक छोटी स्क्रिप्ट होती. लॅपटॉपवरची स्क्रिप्ट लॅपटॉपवर लिहिलेली, आणि फोनवरची मी एका एसटीच्या प्रवासात फोनवरच पुन्हा टाइप केलेली. शीर्षकाची ओळ दोन्ही स्क्रिप्टांत आपापल्या कीबोर्डाच्या रीतीने. रोज संध्याकाळी फोन ते शीर्षक आपल्या लेखनात लिहायचा, रोज सकाळी लॅपटॉप आपल्या. लगतची तारखेची ओळ दोन्हीकडे बदललेली असल्यामुळे गिट ते सगळं एकाच कॉन्फ्लिक्टमध्ये धरायचं. मी रोज एक ओळ काढत होते आणि रोज स्क्रिप्ट ती परत आणत होती.

शोधायचं कसं, ते सांगते. बॅशमध्ये, म्हणजे टर्मिनलमधल्या आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये, डॉलरच्या चिन्हानंतर एकेरी अवतरणात उलटी तिरकी रेघ, यू आणि क्रमांक लिहिला की ते अक्षर तयार होतं. त्यामुळे:

गिट ग्रेप -एल $'\यू०९३०\यू०९४डी\यू२००डी'

टाइप करताना अंक आणि अक्षरं दोन्ही रोमन हवीत, आणि ‘एल’ व ‘यू’ लहान लिपीतले. ज्या फाइलींत र, हलन्त आणि जोडक अशी तिकडी आहे त्यांची यादी ही आज्ञा देते. माझ्याकडे अर्ध्याहून जास्त फाइली निघाल्या. नुसता २००डी शोधू नका. इमोजींमध्ये आणि मुद्दाम सुट्या दाखवलेल्या अर्ध्या अक्षरांतही तो जोडक असतो आणि तिथे तो योग्यच असतो.

मग कोणतं रूप ठेवायचं? माझं ठाम मत ०९३१च्या बाजूने आहे, आणि कारण शुद्धलेखनाचं नाही. जोडक अदृश्य असतो, त्यामुळे एखादं ॲप तो गाळून टाकतं तेव्हा कोणाच्या लक्षात येत नाही. तो गळला की ‘दऱ्या’चं ‘दर्या’ होतं. ओवीत डोंगरदऱ्यांची बाई एकदम समुद्रावर जाऊन पोचते, आणि वीस वर्षांनी वाचणाऱ्याला मूळ काय होतं ते कळायला मार्गच उरत नाही. ०९३१ हे दिसणारं अक्षर आहे. ते गेलं तर कळतं.

बदल करायला पायथॉनची पाच-सहा ओळींची स्क्रिप्ट पुरते. फाइल यूटीएफ-८ (युनिकोड बाइटांत लिहायची नेहमीची रीत) म्हणून उघडायची, ती तिकडी दिसेल तिथे ०९३१ आणि हलन्त ही जोडी घालायची, मग ‘युनिकोडडेटा’ या अंगच्या मॉड्यूलमधलं ‘नॉर्मलाइझ’ हे फंक्शन ‘एनएफसी’ या एकत्रित रूपासाठी चालवायचं. त्याने नुक्तावाली तिसरी रीतही पहिलीत येते. लिहिताना ओळीचा शेवट एलएफच राहील असं सांगायचं, नाहीतर विंडोजवर आधीचा रोग परत. हा बदल स्वतंत्र कमिटमध्ये ठेवा, त्यात दुसरं काही मिसळू नका.

याचा एक फायदा मला अपेक्षित नव्हता. शोध नीट चालायला लागला. इतके दिवस ‘वाऱ्या’ शोधलं की निम्म्या ओव्याच सापडत होत्या, आणि मला वाटायचं की आत्याच्या ओव्यांत वारा कमी आहे.

‘यादी.एमडी’ मी रिपॉझिटरीतून काढलीच. जी फाइल इतर फाइलींपासून कधीही पुन्हा तयार होऊ शकते ती गिटमध्ये ठेवायचं कारण नाही. काढताना एक चूक टाळा: नाव नुसतं ‘.गिटइग्नोर’मध्ये, म्हणजे गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत, लिहून उपयोग नाही, कारण जी फाइल आधीच नोंदलेली आहे तिच्याकडे गिट लक्ष देतच राहतं. ‘गिट आरएम --कॅश्ड यादी.एमडी’ करावं लागतं. आणि दुसऱ्या उपकरणावर पुल केलं की तिथली प्रत डिस्कवरूनही पुसली जाते, हे आधी माहीत असू द्या. ऑब्सिडियन हे नोंदींचं ॲप वापरणाऱ्यांनी ‘वर्कस्पेस.जेसन’ आणि ‘वर्कस्पेस-मोबाइल.जेसन’ यांचं असंच करावं. कोणती नोंद उघडी आहे, कोणती खिडकी कुठे आहे एवढंच त्यांत असतं, आणि ते दर मिनिटाला बदलतं. ‘माझ्याकडे रोज कॉन्फ्लिक्ट येतो’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचं दुखणं एवढंच असतं.

नावांचा घोटाळा

आधी एक छोटी दुरुस्ती, कारण तिच्याशिवाय पुढचं वाचताच येत नाही. मराठी नावाची फाइल ‘गिट स्टेटस’ अशी दाखवतं: \३४०\२४४\२६५ आणि पुढे असंच. हा ‘व’ आहे. देवनागरीच्या प्रत्येक वर्णाचे यूटीएफ-८मध्ये तीन बाइट होतात आणि गिट ते अष्टमान पद्धतीने छापतं, म्हणून सगळीकडे ३४०-२४४ किंवा ३४०-२४५ दिसत राहतं. फाइल बिघडलेली नसते. एकदाच हे करायचं:

गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स

प्रत्येक यंत्रावर वेगळं करावं लागतं. नावं वाचता यायला लागली की खरा घोटाळा दिसतो: एकाच फोल्डरमध्ये ‘वाऱ्याची ओवी’ नावाच्या दोन फाइली.

मजकुरात जे झालं तेच नावांत. जोडकवालं नाव आणि ०९३१वालं नाव या सगळ्याच यंत्रांसाठी दोन वेगळ्या फाइली आहेत. त्या हाताने उघडून, दोन्हींतला मजकूर एकत्र करून, एक ‘गिट आरएम’ने काढायची. घाईत मोठी फाइल ठेवून लहान काढली तर लहान फाइलमधली एखादी नवी टीप जाते. मी प्रत्येक जोडी शेजारीशेजारी उघडून वाचली. एक संध्याकाळ गेली, पण दोन टिपा अशा सापडल्या ज्या दुसऱ्या प्रतीत नव्हत्या.

मॅकवर नुक्त्याचा प्रकार वेगळाच त्रास देतो. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल-व्यवस्था नावं विघटित करून साठवायची, म्हणजे ‘ऱ’चं र आणि नुक्ता. नवी एपीएफएस तसं करत नाही, पण दोन्ही रूपांना एकच नाव समजते. गिटमध्ये यासाठी ‘कोअर.प्रीकंपोझयुनिकोड’ अशी मांडणी आहे. मॅकवर क्लोन करताना, म्हणजे रिपॉझिटरीची पूर्ण प्रत उतरवताना, ती बहुधा आपोआप चालू होते आणि डिस्कवरची नावं एकत्रित रूपात वाचते. अडचण तेव्हा येते जेव्हा रिपॉझिटरीत आधीच एखादं नाव विघटित रूपात शिरलेलं असतं. मग बहिणीच्या मॅकवर ती फाइल कायम ‘नोंदलेली नाही’ अशी दिसते. बहीण ती भोळेपणाने ‘गिट ॲड’ करते. आता रिपॉझिटरीत दोन नावं, मॅकवर एकच फाइल, आणि माझ्या फोनवर दोन. लिनक्सवर ‘कन्व्हएमव्ही’ हे साधन एनएफसी रूपात नावं बदलून देतं. मी ते ‘आधी नुसतं दाखव’ या रीतीने चालवून यादी तपासली आणि मगच खरोखर चालवलं. नावं दुरुस्त करायची ती लिनक्सवर किंवा टर्मक्सच्या आतल्या फोल्डरमध्ये. मॅकवर करायला गेलात तर दोन्ही नावं त्याला एकच वाटतात आणि बदल झाला की नाही तेच कळत नाही.

‘.गिटइग्नोर’मध्ये मराठी नाव लिहिलं असेल आणि ते लागू पडत नसेल, तरी हेच तपासा.

ओवी लांब, नाव लांब

हा दोष सगळ्यात धोक्याचा होता, आणि मला तो सगळ्यात शेवटी सापडला.

लिनक्स आणि अँड्रॉइडच्या नेहमीच्या फाइल-व्यवस्थेत नावाची मर्यादा २५५ बाइट आहे. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये ती २५५ सोळा-बिटी एकक आहे, म्हणजे आपल्या हिशेबाने २५५ वर्ण. रोमनमध्ये या दोन्हींचा अर्थ जवळजवळ सारखा. देवनागरीत नाही. ‘जात्यावरची ओवी’ हे नाव घ्या. आपण मोजली तर अक्षरं सात. काना, वेलांटी, हलन्त सुटे धरले तर वर्ण तेरा. प्रत्येकी तीन बाइट, अधिक मधली मोकळी जागा, म्हणजे ४० बाइट. या हिशेबाने फोनवर ८५ वर्णांच्या पुढे नाव जात नाही, आणि आपण वाचतो तशी ती साधारण ४५ अक्षरं. ओवीची अख्खी पहिली ओळ नाव म्हणून दिली, वर सांगणारीचं नाव आणि गाव जोडलं, की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. विंडोजला त्यात काहीच वावगं वाटत नाही. तिथे नाव होतं, कमिट होते, पुश होतं.

फोनवर नव्याने क्लोन केलं तेव्हा ‘फाइल नेम टू लाँग’ अशी ओळ आली आणि शेवटी क्लोन झालं पण चेकआउट, म्हणजे फाइली डिस्कवर मांडणं, फसलं असा इशारा. शेकडो ओळींच्या गर्दीत तो मी वाचलाच नाही. फोनवर रोज रात्री चालणारी स्क्रिप्ट होती: ‘गिट ॲड -ए’, कमिट, पुल, पुश. डिस्कवर नसलेली फाइल म्हणजे पुसलेली फाइल, असा ‘ॲड -ए’चा अर्थ. स्क्रिप्टने तसं कमिट केलं, पुश केलं, आणि दुसऱ्या दिवशी लॅपटॉपने पुल करताना त्या ओव्या आपल्या डिस्कवरूनही काढून टाकल्या. कॉन्फ्लिक्ट नाही, तक्रार नाही.

इतिहासात त्या होत्या, म्हणून परत मिळाल्या. कोणत्या फाइली कधी पुसल्या गेल्या हे बघायची आज्ञा:

गिट लॉग --डिफ-फिल्टर=डी --नेम-ओन्ली

ज्या कमिटमध्ये फाइल पुसली तिच्या आधीच्या कमिटमधून ‘गिट चेकआउट’ करून ती परत आणायची. हे आजच एकदा चालवून बघा. पुसल्याचं आठवत नाही अशी एखादी फाइल त्यात दिसली तर नावाची लांबी मोजा.

फाइलचं नाव आता मी लहान ठेवते, दोन-तीन शब्दांचं, आणि ओवीची पूर्ण ओळ फाइलच्या आत पहिल्या ओळीवर. जाता जाता: नावात प्रश्नचिन्ह, विसर्गासारखं दिसणारं कोलन, दुहेरी अवतरण नको. मॅकवर बहिणीने केलेलं प्रश्नचिन्हाचं नाव विंडोज ‘इनव्हॅलिड पाथ’ म्हणून नाकारतं आणि अख्खं पुल अडतं.

आधी कमिट, मग पुल, आणि ‘अवर्स’चा सापळा

‘पुश रिजेक्टेड, फेच फर्स्ट’ हा संदेश म्हणजे बिघाड नाही. दुसऱ्या उपकरणाने आधी पुश केलं आहे एवढंच. माझा क्रम ठरलेला आहे: आधी कमिट, मग ‘गिट पुल --रीबेस’, मग पुश. कमिट आधी का, तर कमिट झालेली गोष्ट गिटमधून हरवणं फार कठीण असतं आणि न झालेली हरवणं फार सोपं.

रीबेस करताना कॉन्फ्लिक्ट आला तर ‘अवर्स’ आणि ‘थेअर्स’ यांचे अर्थ उलटे होतात. साध्या मर्जमध्ये, दोन्हीकडचे बदल एकत्र जोडताना, ‘अवर्स’ म्हणजे या यंत्रावरचं. रीबेसमध्ये गिट आधी सर्व्हरवरचा इतिहास मांडतं आणि त्यावर तुमच्या कमिट एकेक करून ठेवतं, त्यामुळे ‘अवर्स’ म्हणजे सर्व्हरवरचं आणि ‘थेअर्स’ म्हणजे तुमचं स्वतःचं. मला हे माहीत नव्हतं. एका दुपारी आत्याच्या मैत्रिणीने सहा ओव्या सांगितल्या होत्या, त्या मी एकाच फाइलमध्ये भराभर उतरवल्या. घरी येऊन पुल केलं, कॉन्फ्लिक्ट आला, ‘माझंच ठेव’ या अर्थाने ‘गिट चेकआउट --अवर्स’ केलं आणि पुढे गेले. रात्री फाइल उघडली तर सहाही ओव्या नाहीत. पोटात गोळा आला. त्या बाईंना पुन्हा विचारता आलं असतं, पण ओवी दुसऱ्यांदा तशीच येत नाही. शब्द बदलतात, एखादी कडी गळते.

‘गिट रिफ्लॉग’ने त्या परत दिल्या. हे यंत्र कोणत्या क्षणी कोणत्या कमिटवर होतं त्याची ती रोजनिशी असते. रीबेस सुरू होण्याआधीची माझी कमिट तिथे होती. तिचा क्रमांक घेऊन:

गिट शो क्रमांक:ओव्या.एमडी

आणि आलेला मजकूर वेगळ्या फाइलमध्ये उतरवून घेतला. नेहमीच्या मांडणीत अशा सुटलेल्या कमिट रिफ्लॉगमध्ये ३० दिवस राहतात, तेव्हा चूक कळली की दिरंगाई करू नका. ही रोजनिशी त्या यंत्रापुरतीच असते. रागाने फोल्डर पुसून नव्याने क्लोन केलं की ती गेली. म्हणून कॉन्फ्लिक्ट कितीही गुंतला तरी फोल्डर पुसायचं नाही. ‘गिट रीबेस --अबॉर्ट’ करायचं, एक चहा घ्यायचा, पुन्हा बसायचं. ‘पुश --फोर्स’ तर नोंदींच्या रिपॉझिटरीत कशासाठीच लागत नाही.

ज्या फाइलीत आपण फक्त खाली भर घालतो, जसं माझी ‘ऐकलेले शब्द’ ही फाइल, तिच्यासाठी ‘.गिटॲट्रिब्यूट्स’मध्ये नावापुढे ‘मर्ज=युनियन’ लिहा. दोन्ही बाजूंच्या ओळी ठेवल्या जातात, कॉन्फ्लिक्ट येत नाही. क्रम मागेपुढे होऊ शकतो आणि एखादी ओळ दोनदा येऊ शकते, ते मला चालतं. ओव्यांच्या फाइलींना मात्र मी हे लावत नाही. तिथे दोन पाठ आले तर मला ते दिसायलाच हवेत.

किरकोळ पण नेमाने येणाऱ्या अडचणी

फोनच्या सामायिक स्टोरेजमध्ये रिपॉझिटरी ठेवली तर टर्मक्समध्ये ‘ड्यूबियस ओनरशिप’ म्हणून गिट कामच करत नाही. ही सुरक्षेची तपासणी २०२२च्या एप्रिलमध्ये आली. ‘सेफ.डिरेक्टरी’ या मांडणीत त्या फोल्डरचा पूर्ण पत्ता घातला की सुटतं. गिटहब १३ ऑगस्ट २०२१पासून गिटच्या कामांसाठी पासवर्ड घेत नाही. टोकन किंवा एसएसएच किल्ली लागते, आणि टोकनला मुदत असेल तर ती संपल्यावर पुश गुपचूप थांबतं. स्क्रिप्ट चूक गिळत असेल तर आठवडेच्या आठवडे नोंदी एकाच फोनवर पडून राहतील. स्क्रिप्टमध्ये पुश फसलं की फोनवर सूचना यावी, एवढी सोय कराच. आणि आपोआप सिंक होणाऱ्या क्लाउडच्या फोल्डरमध्ये रिपॉझिटरी ठेवू नका. दोन यंत्रणा एकाच वेळी ‘.गिट’च्या आतल्या फाइली हलवायला लागल्या की कुलूप-फाइली अडकतात आणि ब्रँचची ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ तयार होते.

ध्वनिमुद्रणं गिटमध्ये नकोत. गिटहब १०० एमबीच्या वरची फाइल नाकारतं, आणि नाकारल्यावर ती नुसती पुसून पुन्हा कमिट केलं तरी पुश होत नाही, कारण आधीच्या कमिटमध्ये ती असतेच. अजून काहीच पुश झालेलं नसेल तर ‘गिट रीसेट --सॉफ्ट ओरिजिन/मेन’ करून, ती फाइल वगळून नव्याने कमिट करायचं. आत्याच्या आवाजाच्या प्रती मी दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवते. एक माझ्याकडे, एक बहिणीकडे.

र, हलन्त, जोडक ही तिकडी पुन्हा शिरू नये म्हणून लॅपटॉपवर ‘प्री-कमिट’ हुक, म्हणजे कमिटच्या आधी आपोआप चालणारी स्क्रिप्ट, लावला आहे. वरचीच शोधाची आज्ञा ‘--कॅश्ड’ जोडून, आणि काही सापडलं तर कमिट अडवायची. हुक क्लोनबरोबर येत नाहीत, प्रत्येक यंत्रावर ठेवावे लागतात. फोनच्या सामायिक स्टोरेजमध्ये तो चालतच नाही, म्हणून तिथे तीच तपासणी रात्रीच्या स्क्रिप्टमध्ये पहिल्या ओळीवर आहे. ‘ॲड -ए’च्या आधी आणखी एक तपासणी घातली: एकही फाइल पुसलेली दिसली तर कमिट करू नकोस, मला विचार.

महिन्याच्या पहिल्या रविवारी मी लॅपटॉपवर एक रिकामं फोल्डर करते, त्यात रिपॉझिटरी नव्याने क्लोन करते आणि ‘गिट एलएस-फाइल्स’ची संख्या डिस्कवरच्या फाइलींच्या संख्येशी ताडून बघते. मग डोळे मिटून तीन फाइली निवडते आणि उघडून पूर्ण वाचते. संख्या जुळली आणि ओव्या वाचता आल्या की ते फोल्डर पुसते.